भुई, फरशी आणि सागवान

घर बांधायला काढले की आपण पायाची काळजी करतो, भिंतीची करतो, छपराची तर फारच करतो. पायाखालच्या भुईचा विचार मात्र सर्वांत शेवटी, हातचा पैसा संपत आला म्हणजे सुचतो. वास्तविक भिंतीला आपण दिवसातून कितीदा हात लावतो? भुईला मात्र आपले पाय दिवसभर लागलेलेच असतात. तान्हे मूल तिच्यावर रांगते, म्हातारे माणूस तिच्यावर जपून पाऊल टाकते, पंगत बसते तीही तिच्यावरच. तेव्हा भुईची निवड ही काही शेवटी उरकून टाकण्याची बाब नव्हे.

अलीकडे आपल्याकडे एक नवाच प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. अकोल्या-अमरावतीच्या दुकानांतून लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्या मांडलेल्या असतात, मोबाइलवर त्यांची चित्रे दिसतात, आणि घरातली तरुण मुले म्हणतात, ‘बाबा, आपण लाकडाची जमीन करू.’ यावर घरातली वडीलधारी माणसे पटकन म्हणतात, ‘लाकडाची जमीन ही आपली रीतच नाही.’ या दोन्ही बोलण्यांत थोडे खरे आहे आणि थोडे अपुरे. ते कसे, हे आपण आज इतिहासाच्या आधाराने पाहू या.

उदाहरणासाठी आपण मंगरूळपीर हेच गाव घेऊ. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ दस्तगीर आहे, ते निराळे. हे वाशीम जिल्ह्यातले, हयात कलंदरांच्या दर्ग्यामुळे ज्याच्या नावाला ‘पीर’ जोडले गेले ते मंगरूळ. १९९८ साली वाशीम जिल्हा निराळा झाला. तोवर हा तालुका अकोल्यात होता. इथली माती काळी, कापसाची. शेताला ती जितकी मानवते तितकीच घराला छळते. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर नुसतीच भुई केली, तर ती दर वर्षी श्वास घेतल्यासारखी वरखाली होणार.

आपल्या जुन्या माणसांनी यावर काय उपाय काढला? त्यांनी आधी जोते उंच केले. आत मुरमाचा भराव घातला, पाणी मारून तो धुम्मसाने चोपला, वर बारीक मातीचा थर दिला आणि त्यावर शेणाचे सारवण केले. ही भुई भेगाळली तर घरच्या घरी बुजवता येई. तिला विकतचे काही लागत नसे. उन्हाळ्यात ती पायाला गार लागे. गरिबाला परवडे म्हणून ती होती, हे खरेच. परंतु काळ्या मातीशी जुळवून घेणारी म्हणूनही ती होती. मात्र तिची किंमत कोण देत होते, तेही सांगितले पाहिजे. ती किंमत घरातल्या बायका देत होत्या. आठवड्याला, सणावाराला, पावसाळा सरताच शेणाची पाटी आणि पोतेरे घेऊन त्या गुडघ्यांवर बसत. सारवलेल्या भुईचे गोडवे गाताना हे कष्ट विसरून चालणार नाही.

मग लाकूड कुठे होते? लाकूड होते माडीवर. जुन्या वाड्यात आपण माडीखाली उभे राहून मान वर केली, तर जाड तुळया, त्यांवर ओळीने टाकलेल्या कड्या आणि कड्यांवर शेजारी शेजारी बसवलेले पाट दिसतात. याला आपण कडीपाट म्हणतो. खालच्याला तो छत वाटतो. वरच्या माणसाची ती जमीन असते. तेव्हा ‘लाकडाची जमीन ही आपली रीत नाही’ असे म्हणणाऱ्या आजोबांच्याच वाड्यात लाकडाची जमीन असते! ती फक्त मातीला टेकलेली नसते. पुष्कळ ठिकाणी या पाटांवर पुन्हा मातीचा थर देऊन सारवीत असत. त्याने वरची पावले खाली वाजत नाहीत, फटींतून धूळ पडत नाही, आणि वरची खोली गार राहते.

यात एक नियम दडलेला आहे आणि तो आजच्या आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. जिथे जमिनीची ओल आणि वाळवी पोचते तिथे माती वापरायची. जिथे खालूनवरून वारा खेळतो तिथे लाकूड वापरायचे. लाकडाला पाण्याने मरण येत नाही, लाकडाला मरण येते ते कोंडलेल्या ओलीने.

लाकूड वाऱ्यावर राहिले तर किती टिकते, याचा पुरावा पाहायचा असेल तर लोणावळ्याजवळची कार्ले आणि भाजे येथील लेणी पाहावीत. तिथल्या चैत्यगृहांच्या कमानदार छताला आतून लाकडी फासळ्या लावलेल्या आहेत. सुमारे दोन हजार वर्षे झाली, त्यांतल्या पुष्कळशा अजून जागच्या जागी आहेत. डोंगराच्या पोटात पाऊस लागत नाही आणि समोरून हवा खेळते, एवढेच त्याचे कारण. पुढे पाचव्या शतकात वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्म येथे राज्य करीत होती. वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ वे लेणे करविले, असे तिथला शिलालेख सांगतो. त्याच काळातल्या १९ व्या आणि २६ व्या लेण्यांत पाहा: छताच्या फासळ्या लाकडाच्या नाहीत, दगडातच कोरल्या आहेत. दगडाला फासळ्यांची गरज काय? काहीच नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या लाकडाचे घर बांधणाऱ्या हातांना आणि डोळ्यांना तीच सवय होती. आपल्या प्रदेशाची बांधणी मुळात लाकडाची, हे त्यावरून कळते.

मराठेशाहीत या लाकडाला केवढे मोल होते पाहा. पुण्याच्या शनिवारवाड्याचे काम १७३० साली सुरू झाले. त्याचे सागवान जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीकडून आणल्याचे सांगतात. त्याआधी १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी साग तोडायचा तो परवानगीने तोडावा, आणि रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, अशा अर्थाची ताकीद आहे. लाकूड हवे, परंतु दुसऱ्याच्या दारचे ओरबाडून नको, असा हा विचार. आजही तो शिळा झालेला नाही.

लाकडाचा एक मोठा वैरी म्हणजे आग. शनिवारवाडा १८२८ साली जळाला. नागपूरचा भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा, पण आत लाकडाचे कोरीव काम भरपूर. तो १८६४ साली जळाला. म्हणून लाकूड वापरणाऱ्याने चूल, दिवा आणि आता विजेच्या तारा यांपासून ते सांभाळले पाहिजे. सुदैवाने सगळेच काही जळाले नाही. आपल्या शेजारच्या कारंज्यात काष्ठासंघाच्या जैन मंदिरातील लाकडावरचे कोरीव काम अजून पाहायला मिळते. शाळेची सहल नेण्यासाठी ते फार दूर नाही.

आता कोणी विचारील, एवढी झाडे असताना सागाचेच एवढे कौतुक का? बाभूळ सागाहून कठीण, शिसव कठीण, धावडाही कठीण. गाडीच्या चाकाला आपण बाभूळच घेतो, साग घेत नाही. मग जमिनीला आणि तुळईला साग का? कारण नुसता कठीणपणा हा लाकडाचा एकच गुण झाला. सागाच्या गाभ्यात एक प्रकारचे तेल असते आणि वाळवीला न मानवणारी द्रव्ये असतात. शिवाय ओल आणि कोरडेपणा यांच्या फेऱ्यात साग इतर लाकडांपेक्षा कमी फुगतो आणि कमी आकसतो. वऱ्हाडात वैशाखात अंगाची लाही होते आणि श्रावणात भिंतींना ओल येते. अशा हवेत जो कमी हलतो तोच कामाचा. म्हणूनच मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी सागाची जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जपून ठेवलेले आहे.

हे सागवान आपल्या गावांतून महाग आणि दुर्मीळ कसे झाले? १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. त्याच वर्षी मुंबईला पहिली आगगाडी धावली आणि १८६७ साली ती नागपूरपर्यंत आली. रुळाखाली मैलाला सतराशे ते दोन हजार स्लीपर लागत आणि ते लाकडाचे असत. आता हिशेब करा. रानांवर कुऱ्हाड चालली, आणि तुटवडा दिसू लागला तसे सरकार जागे झाले. १८६४ साली ब्रँडिस नावाचे जर्मन तज्ज्ञ हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले प्रमुख झाले, १८६५ आणि १८७८ साली जंगलाचे कायदे आले. वऱ्हाडात मेळघाटचे सागाचे रान राखीव झाले. रान वाचले हे चांगले झाले. पण ज्या गावकऱ्याने आजवर घरासाठी खांब आणला तो आता चोर ठरू लागला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मुलांना दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

गंमत अशी की आगगाडीने लाकूड नेले आणि दगड आणला. गुलबर्ग्याकडे शहाबाद येथे चुनखडीचा दगड सपाट थरांनी निघतो. रेल्वेमुळे ही शहाबादी फरशी दूरदूर जाऊ लागली. मंगरूळपिराला रेल्वे नव्हती. मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी गाडीही कारंज्यावरून गेली. तेव्हा असा माल स्टेशनावर उतरवून पुढे बैलगाडीनेच आणावा लागे. आधी ओसरीला, मग स्वयंपाकघराला, असे करीत फरशी घरभर पसरली. मुंबईत १९२२ साली सिमेंटच्या रंगीत फरश्या स्वदेशीच्या भावनेने बनू लागल्या. फरशी आली तशी बाईच्या हातातली शेणाची पाटी सुटली, आणि म्हणून फरशीचे स्वागत झाले. ते योग्यच झाले.

आता युरोपाकडे वळू, कारण ‘वूडन फ्लोअरिंग’ हा शब्द तिकडून आला. तिथे थंडी फार, दगडाची जमीन पायाला बर्फासारखी लागते, म्हणून लाकूड. फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्यात आधी दालनांना संगमरवर होता. तो सारखा धुवावा लागे, धुण्याचे पाणी झिरपे आणि खालच्या लाकडी तुळया कुजत. म्हणून १६८४ च्या सुमारास संगमरवर काढून लाकडाचे चौकटीदार तक्ते बसवले. पाहा, तिथल्या सुतारालाही आपल्या सुतारासारखाच धडा मिळाला: कोंडलेली ओल तुळईला मारते. आपल्याकडे उष्णता हा प्रश्न आहे, थंडी नव्हे. तेव्हा पायाला ऊब मिळावी म्हणून तळमजल्यावर लाकूड घालण्याचे कारण वऱ्हाडात नाही. माडीवर, अभ्यासाच्या खोलीत, म्हाताऱ्या माणसाच्या निजायच्या खोलीत मात्र त्याला जागा आहे. ओल्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो. रंधा मारलेल्या, वरून काच न चढवलेल्या लाकडावर तो तसा घसरत नाही.

कठीणपणा मोजण्याची रीतही शिक्षकांना आवडेल. १९०६ साली यांका नावाच्या संशोधकाने ती काढली. सुमारे ११ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, ते मोजायचे. या मापाने साग मध्यम ठरतो. विलायती ओक त्याच्याहून थोडा वरचढ. तेव्हा दुकानदार ‘हार्डवूड’ म्हणाला म्हणजे लोखंडासारखे कठीण असे समजू नये. तो शब्द मुळात रुंद पानांच्या झाडांचे लाकूड एवढेच सांगतो.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. बाजारात आज तीन निरनिराळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. पहिली, अखंड लाकडाची फळी. दुसरी, खाली प्लायवूडसारखे थर आणि वर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. तिला रंधा एखाददुसऱ्या वेळीच मारता येतो. तिसरी, लॅमिनेट. ही १९७७ साली स्वीडनमध्ये निघाली. तिच्यात लाकडाचा भुसा दाबलेला असतो, वर लाकडाचे छापील चित्र असते आणि त्यावर कडक पारदर्शक थर असतो. वाईट म्हणून नव्हे, पण ती काय आहे हे जाणून घ्यावी. सांध्यांतून पाणी आत गेले की ती फुगते आणि पुन्हा बसत नाही. बादलीभर पाणी ओतून जमीन धुण्याची ज्या घराची रीत आहे, त्या घरात ती टिकायची नाही.

सागाची फळी घेताना तिच्या टोकाकडे पाहा. झाडाच्या वयाच्या रेषा तिथे दिसतात. त्या रेषा फळीच्या जाडीत उभ्या असतील तर फळी रुंदीला कमी आकसते. आडव्या असतील तर जास्त, आणि ती वाटीसारखी वळतेही. मग रंग पाहा. पिवळसर तपकिरी तो गाभा, फिका पांढुरका तो बाहेरचा भाग. वाळवीशी झुंजतो तो गाभा, पांढऱ्या भागात ते बळ नाही. पंधरा-वीस वर्षांत तोडलेल्या सागात पांढरा भाग फार असतो. १९९० च्या दशकात ‘सागाच्या लागवडीत पैसे गुंतवा, थोड्या वर्षांत कितीतरी पट घ्या’ अशा जाहिरातींना भुलून पुष्कळांनी पैसे गमावले, आणि १९९९ साली सेबीला अशा योजनांसाठी नियम करावे लागले. सागाला घाई मानवत नाही, हाच त्यातला बोध. लाकडाच्या बाजारात अजूनही ‘सी.पी. टीक’ असा शब्द ऐकू येतो. तो जुना मध्यप्रांत नकाशावरून केव्हाच गेला, पण आपल्या विदर्भाच्या आणि शेजारच्या रानांतल्या सागाची पत त्या नावात उरली आहे.

लाकूड सुकण्याला जाडीच्या दर इंचाला सुमारे एक वर्ष, असा जुना अंदाज आहे. भट्टीत ते लवकर सुकवतात. फळ्या आणल्यावर काही दिवस त्याच खोलीत उघड्या, मध्ये चिपा घालून ठेवाव्यात. बसवायला दिवाळीनंतरचे दिवस बरे. भर उन्हाळ्यात घट्ट बसवल्या तर पावसाळ्यात त्या फुगून उठतील. श्रावणात बसवल्या तर चैत्रात फटी पडतील. भिंतीलगत चहूबाजूंनी सेंटिमीटरभर जागा सोडावी. लाकूड हलणारच, त्याला हलायला जागा देणे हे सुताराचे शहाणपण.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगायची आहे. आज आपल्या खेड्यापाड्यांतून जुने वाडे पाडले जात आहेत. भाऊ वाटण्या करतात, वाडा कोणालाच नको असतो, आणि तुळया, कड्या, पाट भंगाराच्या भावात गाडीत चढतात. मागाहून त्याच घरातला मुलगा शहरात जाऊन लाकडाच्या चित्राची फळी विकत आणतो! धुराने आणि तेलाने काळवंडलेली ती तुळई वरून टाकाऊ दिसते. पण ज्या रानातून ती आली तसे जुने, संथ वाढलेले साग आता सहज मिळत नाहीत. तिच्यावर रंधा फिरवा, आत सोनेरी रंग निघतो. दीडशे उन्हाळे-पावसाळे पाहून ती पुरती सुकलेली असते, तिला भट्टीची गरज नाही. फक्त आतले जुने खिळे काढून घ्यावेत, नाहीतर करवत मोडेल, आणि टोके भिंतीत दबलेली होती तिथे कुजली आहेत का, वाळवी लागली आहे का, ते ठोकून पाहावे.

हिशेब अगदी शाळेतल्या मुलांना सोडवण्याजोगा आहे. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे १२० चौरस फूट. एक इंच जाडीची फळी घातली तर १० घनफूट लाकूड लागेल. आठ फूट लांब, आठ इंच उंच आणि सहा इंच रुंद अशा एका तुळईत सुमारे २.६७ घनफूट लाकूड असते. करवतीत आणि रंध्यात चौथाई भाग गेला असे धरले, तरी अशा पाच तुळयांत एका खोलीची जमीन होते. नवे झाड तोडावे लागत नाही. शेतातला साग तोडायचा तर १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हेही ध्यानात असू द्यावे. जुन्या तुळया दुसरीकडे न्यायच्या असतील तर त्या वाड्याच्या आहेत याचा ग्रामपंचायतीचा कागद जवळ ठेवणे आणि वनखात्याच्या कचेरीत आधी विचारून घेणे शहाणपणाचे.

ज्यांच्याकडे जुना वाडा नाही त्यांनी काय करावे? त्यांनी बांबूकडे पाहावे. २०१७ साली कायद्यात बदल झाला आणि रानाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतातला बांबू तोडणे सोपे झाले. बांबूच्या पट्ट्या दाबून जमिनीच्या फळ्या करतात. २८ मे २०२३ रोजी दिल्लीला नव्या संसद भवनाचे उद्‌घाटन झाले. तिथले सागवान नागपूरहून गेले आणि बांबूची जमीन त्रिपुरातून आली. सागाला पिढी-दोन पिढ्या लागतात, बांबू काही वर्षांत तोडणीला येतो.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. तुमच्या गावात एखादा वाडा पाडायला निघाला असेल, तर पाडण्याआधी एक दिवस वर्ग तिथे न्या. मालकाची परवानगी घ्या, मुलांना तुळया मोजू द्या, खण मोजू द्या, कडी कोणती आणि पाट कोणता हे सुताराच्या तोंडून ऐकू द्या, आणि ते वहीत उतरवून घ्या. आणि ज्यांच्या घरी वाटणी चालली आहे त्यांना एवढेच सांगणे आहे: गाडी दारात उभी करण्याआधी एखादा चांगला सुतार बोलवा आणि त्याला एका तुळईवर हातभर रंधा मारायला सांगा. ते पाहा, आणि मग काय तो सौदा करा.